‘काका, तो तुमच्याबद्दल सांगायचा’

एखादा तरुण मुलगा अकाली गेला की त्याचे मित्र घरच्यांना जे संदेश पाठवतात, त्यांवर वडीलधारी मंडळी हमखास नाक मुरडतात. या पोरांना शोक व्यक्त करण्याची रीत कळत नाही, भाषेला गांभीर्य नाही, शुद्धलेखनाचे तर बोलायलाच नको, अशी तक्रार असते. मला ती पटत नाही, आणि संदेश गेलेल्या मुलाच्या सावत्र वडिलांना आलेला असेल तर मुळीच पटत नाही.

अशा घरात भेटायला येणारे बहुतेक जण आईजवळ बसतात आणि निघताना या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून ‘आता तिला तुम्हीच सांभाळा’ एवढे सांगतात. म्हणजे दुःख तिचे आणि जबाबदारी याची, अशी वाटणी परस्पर होऊन जाते. ज्या मुलाचा अभ्यास घेतला, ज्याच्या तापात रात्री जागून काढल्या, त्याच्यासाठी मोकळेपणी रडण्याचा आपल्याला हक्क आहे की नाही, हेच त्याला उमगत नाही. समाज ज्याला मान्यता देत नाही अशा शोकाची संकल्पना अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली सविस्तर मांडली. सावत्र नात्यातला शोक त्यात चपखल बसतो.

‘आपल्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’ हे वाक्य निर्दोष आहे, पण त्या कुटुंबात हा माणूस नेमका कुठे आहे, ते त्यातून कळत नाही. त्याउलट एखादा मित्र लिहितो, ‘काका, बाइक तुम्ही शिकवली ना त्याला? आम्हाला शिकवताना सेम तुमच्या आवाजात ओरडायचा, क्लच हळू सोड रे! लय हसायचो आम्ही.’ या तीन ओळींत ‘श्रद्धांजली’ हा शब्द नाही, तरीही आपल्या माघारी आपला उल्लेख होत होता, आपला आवाज त्या मुलाने उचलला होता, हे त्या वडिलांना त्यातूनच प्रथम समजते. मुलगा बारा-तेरा वर्षांचा असताना जो घरात आला, त्याच्यापाशी बाळपणीच्या आठवणी नसतात. त्याच्या वाट्याला आलेली वर्षे नेमकी या मित्रांनीही पाहिलेली असतात.

अशा वेळी हसण्याचा उल्लेख करावा का, ही शंका रास्त आहे. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो या मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार गमावलेल्या व्यक्तींचा अभ्यास करून १९९७ साली नोंदवले की, मृत जोडीदाराविषयी बोलताना जे मनापासून हसले, त्यांच्यात मानसिक त्रास कमी आढळला. हसल्यामुळेच त्रास कमी झाला, असे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि अपत्यशोकाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावताही येणार नाही. पण शोकात हसू अशोभनीयच असते हा आपला समज तपासून पाहायला तो पुरेसा आहे.

अर्थात, अनौपचारिक म्हणून सगळेच चालते असे नाही. नुसते ‘आरआयपी’ आणि जोडलेले हात पाठवणे हे काम उरकणे झाले. ‘स्ट्राँग राहा, अंकल’ हा तर ‘तिला सांभाळा’चाच तरुण अवतार. सर्वांत जास्त खुपणारे वाक्य मात्र कौतुकाच्या सुरात येते: ‘तुम्ही तर सख्ख्या बापापेक्षा जास्त केलंत.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ज्याने कधी हिशेब मांडला नाही त्याच्यापुढे आपण तराजू आणून ठेवतो. शिवाय, आजवर ज्यांना काका म्हणत आलो त्यांना एकाएकी ‘आदरणीय महोदय’ करून टाकणेही नको. त्या परकेपणाची त्यांना या दिवसांत मुळीच गरज नसते.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. मित्रांकडे बहुधा आईचा नंबर असतो, म्हणून संदेश तिला जातो आणि शेवटी ‘काकांनाही सांगा’ अशी पुरवणी जोडली जाते. तसे न करता त्यांचा नंबर मागून घ्यावा आणि त्यांना स्वतंत्र लिहावे. फोटो किंवा व्हिडिओ पाठवायचा असेल तर ‘पाठवू का?’ असे आधी विचारावे, कारण गेलेल्या मुलाचा आवाज अचानक कानी पडणे प्रत्येकाला झेपेलच असे नाही. खाली ‘रिप्लाय नाही दिला तरी चालेल, काका’ एवढे जोडले, तर उत्तराचे ओझेही त्यांच्यावर राहत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिणे जमले नसेल, तर दोन महिन्यांनी लिहावे. तोवर इतरांचे संदेश थांबलेले असतात.