काउंटेसला कपाटात किती वेळ ठेवायचं?

चॅप्लिनचा चाहता म्हणून एकदा ओळख झाली की एक प्रश्न जन्माचा मागे लागतो. 'त्याचा शेवटचा सिनेमा कसा आहे हो?' त्याचा 'सिटी लाइट्स' कसा आहे असं कोणी विचारत नाही. तिथे सगळ्यांनी मिळून डोळे पुसायचे असतात. पण त्याने लिहून दिग्दर्शित केलेल्या त्या शेवटच्या सिनेमाचं, 'अ काउंटेस फ्रॉम हाँगकाँग'चं, नाव निघालं की मी डोळ्यांऐवजी चष्मा पुसायला घेतो. तेवढ्यात पोहे आले तर सुटलो.

कारण 'बरा आहे' म्हटलं की दोन्हीकडून मार. भक्तमंडळींना 'बरा' हा शब्द अपमान वाटतो. त्यांच्या मते ही गुरूची शेवटची नजाकत आहे आणि ती न कळणं हा आपल्या संस्कारांचा दोष आहे. पंचनामेवाल्यांना तोच 'बरा' म्हणजे लाच वाटते. 'म्हातारपणी थांबायला हवं होतं,' हे वाक्य ते कोणाच्या तरी निवृत्तीच्या समारंभात म्हणावं तसं गंभीरपणे म्हणतात. सर्वांत ठाम मत अर्थातच ज्याने सिनेमा पाहिलेला नाही त्याचं असतं.

भांडण नवं नाही. जानेवारी 1967 मध्ये लंडनला सिनेमा लागला आणि तिथल्या समीक्षकांनी त्याला धू धू धुतला. चॅप्लिनही भडकला. एकाच सिनेमाने हसणारे आणि हळहळणारे असे दोन गट तेव्हापासूनच पाडले. गंमत म्हणजे चॅप्लिनने त्यासाठी बांधलेली चाल ब्रिटिश गायिका पेटुला क्लार्कच्या आवाजात 'धिस इज माय साँग' म्हणून ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. सिनेमात ते गाणं कोणी गातच नाही, नुसती चाल वाजते. म्हणजे ज्या घरात नवऱ्या मुलाला नापास केलं, त्याच घरात त्याची वरात दणक्यात निघाली.

गोष्ट दोन ओळींची. ऑग्डेन मीअर्स हा बडा अमेरिकन राजनैतिक अधिकारी जहाजाने हाँगकाँगहून निघतो आणि त्याच्या केबिनमधल्या कपाटात नताशा सापडते. ही परागंदा रशियन काउंटेस, म्हणजे उमराव घराण्यातली बाई; अंगावर पार्टीचा झगा आणि जवळ पासपोर्ट नाही. तो मार्लन ब्रँडो, ती सोफिया लॉरेन. पुढे होनोलुलूपर्यंत एकच उद्योग: दाराचा बझर वाजला की काउंटेस न्हाणीघरात.

आता ही चीज आपल्याला काही परकी नाही. बबन प्रभूंचे फार्स ज्यांच्या कानावरून गेलेत त्यांना दाराचं शास्त्र कोणी शिकवायला नको. लपण्याचा विनोद तीनदा चालतो, तोही दर खेपेला काहीतरी वाढलं तर. पहिल्यांदा एक माणूस लपतो. दुसऱ्यांदा लपायच्या जागी आधीच कोणीतरी असतं. तिसऱ्यांदा ज्याच्यापासून लपायचं तोच लपवायला मदत करतो. इथे पहिल्या बझरला हसू येतं, दुसऱ्याला जास्त येतं आणि चौथ्याला प्रेक्षक काउंटेसच्या आधी उठून न्हाणीघराकडे बघतो. जागा तीच, दार तेच, धावण्याची दिशाही तीच.

बझरचा आवाज हा आणखी एक घोळ. मूकपटात दारावरची थाप आपल्याला ऐकूच येत नाही. दचकलेला माणूस दिसतो आणि त्या दचकण्यावरून दारापलीकडे कोणी आलंय हे कळतं. विनोद एकच, तोही शरीरात. बोलपटात आधी बझर कानावर पडतो, मग दचकणं दिसतं. आपण पात्राच्या एक पाऊल पुढे गेलेलो असतो, आणि फार्समध्ये पुढे गेलेला प्रेक्षक कंटाळायला लागतो. ज्याने सगळं आयुष्य या शास्त्रात घालवलं त्याला हे ठाऊक नसेल असं म्हणायची माझी छाती नाही. पण पडद्यावर तसं होतं खरं.

मग वेगाचा हिशोब. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण 16 ते 18 चित्रं, आणि दाखवताना फीत त्याहून वेगाने पळायची. त्यामुळे माणसाचं वजन कमी व्हायचं. चार्ली कोपऱ्यावर एका पायावर वळतो तेव्हा तो हवेत तरंगल्यासारखा वाटतो, त्यात त्याच्या कसरतीइतकाच त्या हँडलचाही हात आहे. बोलपट सेकंदाला 24 चित्रांनी घेतात आणि 24 नेच दाखवतात. तिथे ब्रँडो जितक्या वजनाचा आहे तितक्याच वजनाचा दिसतो. तो केबिनमधून धावतो तेव्हा गोंधळलेला राजदूत दिसत नाही, तिजोरी हलवल्यासारखं वाटतं.

ब्रँडोला दोष देणं सगळ्यांत सोपं, म्हणून मी ते जरा जपून करतो. चॅप्लिनची रीत जुनी: प्रत्येक भूमिका आधी स्वतः करून दाखवायची, कप कसा धरायचा इथपासून मान कुठे वळवायची इथपर्यंत, आणि नटाने ती गिरवायची. ब्रँडोची सारी तालीम उलटी: आतून काहीतरी उगवेपर्यंत थांबायचं. एकाला पावलं मोजून हवीत, दुसऱ्याला 'पाऊल का उचलू?' हे आधी कळायला हवं. पाककृती सांगणाऱ्या आजीसमोर 'मीठ का घालायचं?' विचारणारा नातू बसवला की फोडणी जळणारच. दोघांचं जमलं नाही ते नाहीच. 1994 साली आत्मचरित्रात ब्रँडोने चॅप्लिनवर निर्दयपणाचा ठपका ठेवला, तोही मुख्यतः सिडनीला सेटवर दिलेल्या वागणुकीवरून. सिडनी म्हणजे चॅप्लिनचा मुलगा, सिनेमात ऑग्डेनचा मित्र. जेराल्डिन, जोसेफिन आणि व्हिक्टोरिया या मुलीही चिमूटभर भूमिकांत दिसतात. घरचंच कार्य होतं, रुसवेफुगवे व्हायचेच.

त्यात चॅप्लिनची चौकट. तो माणसाला डोक्यापासून पायापर्यंत दाखवतो, कारण त्याचा विनोद बुटांत असतो. ब्रँडोचं सगळं भांडवल डोळ्यांत आणि ओठांच्या कोपऱ्यात. पूर्ण उंचीच्या चौकटीत ते भांडवल लांबच राहतं आणि आपल्याला दिसतो तो ड्रेसिंग गाउन. लॉरेन मात्र त्या चौकटीत मजेत वावरते. ऑग्डेनचा ढगळ पायजमा घालून ती केबिनमध्ये फिरते तेव्हा लांब बाह्यांचं काय करायचं हे तिच्या हातांना आपोआप कळतं. आणि पॅट्रिक कारगिल! हडसन नावाचा हा नोकर. काउंटेसला अमेरिकन नागरिकत्व मिळावं म्हणून तिचं त्याच्याशी कागदोपत्री लग्न लावतात आणि त्याला त्याच खोलीत झोपायची वेळ येते. कारगिल लंडनच्या रंगभूमीवर फार्स करून मुरलेला. झोपायच्या तयारीचं नुसतं निमित्त, पण बिचारा मनातल्या मनात गुदगुल्या झाल्यासारखा वागतो. त्या प्रवेशाला पंचनामेवालेसुद्धा वही बाजूला ठेवतात.

भक्तांचाही एक मुद्दा मला मानावा लागतो. 'म्हातारपणाचा सिनेमा' हे बिरुद चूक आहे. 1936 मध्ये नटी पॉलेट गोडार्डबरोबर पूर्वेकडचा प्रवास करून आल्यावर चॅप्लिनने तिच्यासाठी ही कल्पना लिहिली होती. म्हणजे लोणचं घातलं सत्तेचाळिसाव्या वर्षी, बरणी उघडली सत्त्याहत्तरीत. 16 एप्रिल 1966 चा वाढदिवस चित्रीकरण चालू असतानाच आला. तीस वर्षांत बाहेर जग मिनीस्कर्टवर आलं आणि जहाज मात्र 1930 च्या दशकातल्या बंदरावरच नांगर टाकून राहिलं. जोडीला रंगीत फिल्म, त्याच्या कारकिर्दीतली एकुलती एक. काळ्यापांढऱ्यात जी केबिन स्वप्नातली वाटली असती ती रंगात पाइनवूड स्टुडिओतल्या सेटसारखी दिसते, कारण ती तीच आहे. शिवाय ज्या माणसाने 'सिटी लाइट्स'मध्ये आंधळ्या फुलवालीच्या एका प्रसंगासाठी 342 वेळा चित्रण केल्याचं सांगतात, त्याला इथे स्वतःचा स्टुडिओ नव्हता, मोठमोठ्या ताऱ्यांच्या तारखा होत्या.

आणि 'शेवटचा' हा शब्द तर निव्वळ अन्याय. चॅप्लिनने हा शेवटचा म्हणून केलाच नव्हता. पाठीला पंख असलेल्या मुलीची गोष्ट तो व्हिक्टोरियाला घेऊन करणार होता. ती झाली नाही आणि 1977 च्या नाताळात तो गेला. राहिलेलं शेपूट आपण उगाच शेवट म्हणून पूजतो किंवा तुडवतो.

म्हणून आता कोणी सिनेमा दाखवा म्हटलं तर माझ्या अटी असतात. 'सिटी लाइट्स' पाहून किमान आठवडा गेलेला हवा, नाहीतर माणूस पहिल्या रिळापासून रडायची जागा शोधतो. रात्री जेवून बसायचं नाही. पावणेदोन तासांत मधला भाग जड आहे आणि भात त्याला मदत करतो. 'हा त्याचा शेवटचा' असं आधी कोणी बोलायचं नाही. चहाची सुट्टी घ्यायचीच असेल तर चौथ्या बझरला घ्यावी, काही चुकत नाही. पण समुद्र खवळायला लागला की कोणीही उठायचं नाही.

कारण तिथे एक म्हातारा स्टुअर्ड, म्हणजे जहाजावरचा नोकर, दार उघडून आत येतो. पांढरे केस, बोट लागलेली, चेहरा पोटातून वर येणारं काहीतरी मोठ्या सभ्यतेने परतवणारा. काम सांगायला आलेला माणूस स्वतःच कामातून गेलाय. क्षणभर त्याचे खांदे, गाल आणि पाय एकाच वेळी तीन निरनिराळ्या दिशांना माफी मागतात, आणि तो जातो. पाठोपाठ पुन्हा दार, पुन्हा तोच. सगळ्या सिनेमात ज्या दारावर घाम गाळला, ते दार या दोन फेऱ्यांत फुकट हसवून जातं.

खोलीत सगळे हसतात. भक्त, पंचनामेवाले, सगळे. मग मागच्या खुर्चीवरून कोणीतरी विचारतं, 'हा म्हातारा कोण हो? चांगलं करतो. ह्यालाच का नाही घेतलं मुख्य भूमिकेत?'