“शाळेत एआय बंदच करा” या कमेंटला उत्तर

नमस्कार सर,

तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि आज शाळेतून आल्यावर परत वाचली, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. एआय आणि इंटरनेट सुरक्षेबद्दल शाळांनी काय नियम करावेत यावर मी जे लिहिलं होतं, त्यावर तुमचे आक्षेप असे आहेत (बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते): दहावीपर्यंत एआय दाखवूच नये, सरसकट बंदी घालावी. एआयने लिहिलेलं पकडणारं सॉफ्टवेअर वापरू नका असं सांगून मी कॉपी करणाऱ्यांना पाठीशी घालतेय. आणि मोबाईलवर पोरं काय करतात ते आईबापांनी बघावं, शाळेने त्यात नाक खुपसू नये. शेवटी विचारलंत, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात ज्या वाड्यावर धड रेंज नाही तिथे तुमची ही नियमावली वाचणार कोण?

या शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देते कारण तिथे तुमचं बरोबर आहे. मी केलेला पहिला मसुदा सात पानांचा होता आणि इंग्रजीत होता. आपल्याकडे चौथीपर्यंत पोर मराठीत नाहीतर कोकणीत शिकतं, पाचवीत इंग्रजीत जातं, आणि त्याची आई पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) मीटिंगला येऊन ते सात पानी इंग्रजी घडी घालून पिशवीत ठेवते. एका आईने मला सरळ सांगितलं की टीचर, सही कुठे करायची तेवढं दाखवा. ती चूक माझी, आणि ती सुधारायला घेतलीय, त्याबद्दल खाली लिहिते.

पण रेंज नाही म्हणून धोका नाही हे पटत नाही सर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सत्तरी-सांगेतली पोरं रेंजसाठी डोंगरावर चढून बसायची हे तुम्हीही बघितलंय. तो मोबाईल त्यांच्या हातात कोणी दिला? आम्ही, शाळांनी. वर्ग मोबाईलवर, होमवर्क व्हॉट्सॲपवर, नोटिसा व्हॉट्सॲपवर, आणि वर्ग परत सुरू झाले तरी तो ग्रुप काही बंद झाला नाही. आजही बालरथात (शाळेच्या बसमध्ये) बसलेली पोरं बघा, कोणाच्या तरी दप्तरात फोन असतोच. आपणच हातात दिलेल्या वस्तूबद्दल आता “ते घरच्यांनी बघावं” असं मला तरी म्हणवत नाही.

आणि बंदी नक्की कशावर घालायची? लॅबमध्ये चॅटजीपीटी ब्लॉक करता येतं, आमच्या लॅबमध्ये केलेलंच आहे. पण व्हॉट्सॲप उघडलं की त्यातच मेटा एआयचं ते निळं वर्तुळ आहे, ते कोणी डाऊनलोड केलेलं नाही, आजीच्या फोनमध्येसुद्धा आहे. २०२५ मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटी आणि जिओने जेमिनी ही एआय ॲप्स रिचार्जबरोबर फुकट वाटली. वयाचं म्हणाल तर लहान मुलांबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शनात वर्गात अशी साधनं वापरायला किमान १३ वर्षं वय सुचवलंय, चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींतही १३ च्या आत नाही आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी हवी असं आहे, त्यामुळे पाचवी-सहावीच्या पोराला एकट्याला त्याच्यासमोर बसवू नका हे मी प्रत्येक शाळेत सांगते. पण आठवी-नववीच्या पोराने ते वापरून झालेलंच असतं, त्याला ते किती बिनधास्त खोटं बोलतं हे कोणीतरी दाखवायला नको का?

मी काय करते सांगते. वर्गातल्या मोठ्या स्क्रीनवर मीच एआय उघडते आणि मुलांना म्हणते तुमच्या गावच्या जत्रेबद्दल विचारा. साखळी गावच्या वीरभद्राच्या उत्सवाबद्दल विचारलं तर चैत्रातला उत्सव त्याने शिगम्यात (होळीच्या सणात) ढकलला आणि वर एक आख्खी दंतकथा रचून दिली, इतकी छान भाषा की बाहेरचा माणूस डोळे मिटून विश्वास ठेवेल. पोरं खवळली! मागच्या बाकावरचा एरवी तोंड न उघडणारा मुलगा उभा राहून सांगायला लागला की टीचर हे साफ चूक आहे, माझे काका त्यात असतात. मग मी विचारलं की गावाबद्दल तुम्हाला माहीत होतं म्हणून पकडलंत, विज्ञानाच्या प्रोजेक्टमध्ये कसं पकडणार? त्यावर जी शांतता झाली त्यासाठीच मी तो तास घेते.

कॉपीबद्दल. सर, मी स्वतः ते सॉफ्टवेअर वापरलंय, आणि नववीच्या एका मुलाला वर्गासमोर उभं करून “हे तू लिहिलेलं नाहीस” म्हटलंय. प्रोजेक्ट काजूवर होता. इंग्रजी सरळसोट, छोटी छोटी वाक्यं, सॉफ्टवेअर म्हणालं मशीनने लिहिलंय. तो काही बोलला नाही. मधल्या सुटीत बोलावून विचारलं तर फेणी गाळायचं भाण कुठे ठेवतात, लावणी (दारू जमा होते ते भांडं) कुठे, नीरो म्हणजे काजूचा रस किती दिवस आंबवतात, सगळं धडाधडा मराठीत, कारण त्याच्या आजोबांची भट्टी आहे. मी त्याची माफी मागितली, पण ती मधल्या सुटीत मागितली आणि आरोप वर्गासमोर केला होता, हे मला अजून डाचतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे फक्त माझ्याकडे झालेलं नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच असं पकडणारं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं, कारण एआयने लिहिलेल्यातलं ते जेमतेम २६ टक्के ओळखायचं आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर उगाच ठपका ठेवायचं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध अशा सात सॉफ्टवेअरना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध मशीनचे ठरले, कारण शब्द साधे आणि वाक्यं ठराविक. म्हणजे मराठी शाळेतून येऊन कष्टाने इंग्रजी शिकलेलं आपलं पोर तिथे पहिलं अडकणार. म्हणून मी म्हणते वहीतलं कच्चं काम बघा आणि पाच मिनिटं तोंडी विचारा, ज्याने नुसतं उतरवलंय तो दुसऱ्या प्रश्नालाच थांबतो. तुम्ही तीस वर्षं तेच केलं असणार, ती पद्धत अजून चालते.

आता ज्यामुळे मी या कामात पडले ते सांगते. शाळेचं नाव, तालुका, वर्ष काही सांगणार नाही, तुम्हीही अंदाज बांधू नका. गॅदरिंगचे फोटो शाळेने आपल्या फेसबुक पेजवर टाकले होते, नाव आणि इयत्तेसकट, सगळ्या जगाला दिसतील असे. त्यातला एका मुलीचा चेहरा उचलून कोणीतरी ॲपमध्ये घातला आणि नको तसा फोटो बनवला, आणि तो मुलांच्या ग्रुपवर फिरला. ती कित्येक दिवस कोणाला बोलली नाही. तिला नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, टीचर, फोन सापडला तर सस्पेंड करणार असं तुम्हीच प्रार्थनेच्या वेळी सांगितलेलं ना. सर, ते खरंच मी सांगितलं होतं, माईकवर. तिला तो फोटो कोणाच्या तरी फोनवर शाळेतच दिसला होता, म्हणजे सांगायला गेली असती तर आधी “शाळेत फोन कसा आला” याचीच चौकशी झाली असती. आमची बंदी कडक होती, आणि ज्याने फोटो बनवला त्याला त्या बंदीचाच उपयोग झाला.

पुढे जे झालं तेही सांगायला हवं. एका शिक्षिकेने पुरावा म्हणून तो फोटो स्वतःच्या फोनवर मागवून घेतला, हेतू चांगला होता, पण असा फोटो ठेवणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा होऊ शकतो. पॉक्सोमध्ये (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात) २०१९ च्या दुरुस्तीनंतर कॉम्प्युटरने बनवलेला पण खऱ्या मुलाचा वाटेल असा फोटोही येतो, आणि आयटी कायद्याचं कलम ६७बी आहेच. लिंक, अकाउंटचं नाव, तारीख, वेळ लिहून ठेवायची, फोटो फिरवायचा नाही. आणि “शाळेतच मिटवू, मुलीची बदनामी नको” असं म्हणणारे मोठे लोक भेटतातच, त्यांना सांगायचं की पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या माणसाने पोलिसांना कळवायलाच लागतं, संस्थेच्या प्रमुखाने दाबलं तर त्याला शिक्षा आहे. रायबंदरला सायबर पोलीस स्टेशन आहे, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे, सायबरक्राईमचं सरकारी पोर्टल आहे. ‘टेक इट डाऊन’ म्हणून एक मोफत सेवा आहे, अठराच्या आतल्या मुलांसाठी. फोटो कुठेच अपलोड न करता आपल्याच फोनवर त्याचा एक कोड बनतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या त्या कोडवरून तो शोधून काढतात. हे तेव्हा आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

शाळेने यात पडू नये म्हणता, पण तो फोटो शाळेच्या पेजवरून गेला होता सर! आई बिचारी काय बघणार होती? आपल्या गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ चा आहे, त्यात हॉटेलांनासुद्धा सांगितलंय की फिल्टर नसलेलं इंटरनेट मुलांच्या हाती लागता कामा नये. वीस वर्षांपूर्वी हॉटेलवाल्याकडून जी अपेक्षा ठेवली ती हेडमास्तरांकडून ठेवली तर जास्त होतं का? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठराच्या आतलं प्रत्येक पोर मूल धरलंय, आणि तरी आमचे काही शिक्षक मुलांची नावं, मार्क, आजारपण सगळं एआयमध्ये टाकून प्रगतिपत्रकाचे शेरे लिहून घेतात. तेही थांबवायला सांगतेय.

तर सात पानांचं आता एक पान केलंय, मराठी आणि कोकणीत, आणि मीटिंगमध्ये ते मी मोठ्याने वाचून दाखवते. सगळ्यात वर एक ओळ आहे: नेटवर काही वाईट घडलं आणि सांगायला आलात तर फोन जवळ होता म्हणून शिक्षा होणार नाही. तिच्याखाली शाळेतल्या एका माणसाचं नाव लिहायची रिकामी जागा. या ओळीवर हेडमास्तर सर्वात जास्त अडतात, म्हणतात शिस्त जाईल. मी ती काढत नाही, बाकी काहीही काढायला तयार आहे.

ते नाव शिक्षकाचंच हवं असं नाही. तुमच्या गावात मुलं अजून तुम्हाला रस्त्यात थांबवून बोलत असतील, म्हणून विचारते, तिथल्या शाळेच्या पानावर तुमचं नाव घालू का? चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुटीनंतर पीटीएची मीटिंग होईल, हेडमास्तरांशी मी बोलते, तुम्ही फक्त हो म्हणा.