उधारी त्यांची, व्याज माझं
पुन्हा महिनाअखेर, पुन्हा सीसी खात्याला (धंद्यासाठी बँकेकडून घेतलेल्या कॅश क्रेडिट कर्जाला) व्याज लागल्याचा मेसेज. कशाचं व्याज? माल उचलून चार महिने गप्प बसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलाचं! लहान उद्योगांसाठीचा 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो, 45 दिवसांत पैसे द्या. फोन केला की ठरलेलं उत्तर, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." इकडे स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि येण्यांचा हिशेब, घेऊन बँकेत गेलो, तर 90 दिवसांवरची येणी पेन्सिलीने खोडली आणि ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून उचलता येणाऱ्या रकमेची मर्यादा, खाली आणली. म्हणजे थकवणारा मोकळा, हात बांधले माझे! न मिळालेल्या पैशांवरचा जीएसटी कधीच भरून झालाय. शनिवारी पाच कामगारांचा पगार आहे. तक्रार करावी तर पुढची ऑर्डर जाते. माझं घर तारण ठेवून यांचा धंदा मी किती दिवस चालवायचा?