नाकापेक्षा अत्तर जड

मी रोज चार मजले जिना चढून घरी जाते. त्यामुळे सोसायटीत माझ्या तब्येतीबद्दल बराच आदर आहे. खरं कारण लिफ्ट. तिसऱ्या मजल्यावरचे काका साडेआठलाच ऑफिसला जातात, पण त्यांचा डिओ दहापर्यंत लिफ्टमध्ये ड्यूटीवर असतो. सोबतीला कुणाचं तरी मोगऱ्याचं तेल आणि मावशींनी नुकतंच मारलेलं फिनेल. दार बंद झालं की पहिल्या मजल्याला नाक चुरचुरतं, दुसऱ्याला घसा धरतो, आणि तिसऱ्याला डाव्या भुवईवर कुणीतरी खिळा ठोकायला घेतं.

"अगं, सुगंध आहे तो," नवरा म्हणतो. तिथेच तर घोडं पेंड खातं. घाण वास आला म्हटलं तर लोक खिडकी उघडतात. सुगंध सोसत नाही म्हटलं तर नुसते आपल्याकडे बघतात.

सासूबाईंची पैठणी ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या पहाऱ्यात असते. डांबरगोळी म्हणजे नॅप्थॅलीन. ती न वितळता सरळ हवेत विरते, हे शाळेत संप्लवनाच्या धड्यात शिकले होते. विरून जाते कुठे, ते पुतण्याच्या लग्नात कळलं. सहा वार वास अंगाला गुंडाळून मी कार्यालयाच्या दारात उभी, तर समोर अत्तरदाणी आणि गुलाबपाणी. नको म्हणणं म्हणजे व्याह्यांचा अपमान. मुलीच्या मावशीने प्रेमाने दोन्ही हातांना अत्तर लावलं. मंगलाष्टकं होईपर्यंत माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "काकूचा जीव आहे हो पुतण्यावर," कुणीतरी म्हणालं, आणि फोटोग्राफरने जवळून फोटो घेतला. अल्बममध्ये तो पूर्ण पानभर आहे.

मग डॉक्टर. त्यांच्या वेटिंग रूममध्ये भिंतीवर एक डबी दर थोड्या वेळाने 'फुस्स' करून गुलाब सोडत होती, त्यामुळे आत जाईपर्यंत सगळी लक्षणं ताजी होती. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. डॉक्टर भले गृहस्थ. म्हणाले, एक नस वास ओळखते आणि दुसरी, चेहऱ्याची, कांदा-अमोनियाची चुरचुर कळवते. तुमची दुसरी जरा जास्तच कर्तव्यदक्ष दिसते. त्यात मायग्रेन.

"पण याला नाव काय?" मी विचारलं. नावाशिवाय सासरी आजार धरत नाहीत.

नाव होतं. १९८७ मध्ये येल विद्यापीठाच्या मार्क कलन यांनी 'मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी', म्हणजे अनेक रसायनं न सोसणं, हे नाव रूढ केलं. पुढे १९९६ मध्ये बर्लिनला तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ते बदलून 'इडिओपॅथिक एन्व्हायर्न्मेंटल इन्टॉलरन्स' सुचवलं. इडिओपॅथिक म्हणजे कारण माहीत नाही. नाव एवढं लांबलं, आणि मी होते तिथेच.

"आणि गंमत बघा," डॉक्टर म्हणाले, "रसायन कुठलं आणि साधी हवा कुठली हे न सांगता चाचणी घेतली, तर बऱ्याच जणांना साध्या हवेनेही त्रास होतो. त्रास खरा असतो हं." शेवटचं वाक्य नवऱ्याने ऐकलंच नाही. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं.

रविवारी त्याने माझ्या डोळ्यांवर उपरणं बांधलं आणि मागून फवारा मारला. अर्ध्या मिनिटात भुवईवरचा खिळा हजर. उपरणं सोडलं, तर बाटलीत नळाचं पाणी! सासूबाई पंच म्हणून बसल्या होत्या. त्या पदराआड हसल्या. नवरा इतका खूश, की स्वतःहून चहा टाकायला गेला. मी हरले, कबूल. पण कपाळ ठणकत होतं, त्याला हा निकाल कुणी सांगितलाच नाही.

"आता माझी पाळी," मी म्हटलं. "मी बाल्कनीत उभी राहते. घरात कुठेही एक डांबरगोळी लपव."

मला घरभर फिरावंच लागलं नाही. तो चहाचा कप घेऊन बाल्कनीत आला आणि मी म्हटलं, "शर्टाच्या खिशातून काढ ती आधी."

एक-एक अशी बरोबरी झाली. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी ट्रंक उपसली, सगळ्या गोळ्या टाकून दिल्या आणि माझ्यासाठी म्हणून पैठणीच्या घडीत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या.

वेखंडालाही वास असतो. मी अजून काही बोललेले नाही.