शेवटच्या नळाला क्लोरीन पोचतंय का?

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या लहान गावांत हल्ली आरओ मशीन विकणारे एक पेन घेऊन फिरतात. नळाच्या पाण्यात बुडवतात, आकडा दाखवतात आणि घरातली माणसं घाबरून मशीन घेतात. ते पेन टीडीएस मोजतं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जंतू त्याला दिसतच नाहीत. पाण्यात काविळीचे विषाणू असले तरी आकडा जागचा हलत नाही!

भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चालतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं पाणी मुळातच गोडं. ते मशीनमधून काढून निम्म्याहून जास्त मोरीत सोडायचं, हे मला अजिबात पटत नाही. शिरोळकडं क्षारपड जमिनीतल्या बोअरचं पाणी प्यावं लागत असेल तर गोष्ट वेगळी, तिथं मशीन लागेल. नायट्रेटचंही तसंच. उसाला टाकलेला युरिया आणि शोषखड्ड्यांचं पाणी झिरपून ते विहिरीत उतरतं. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते घातक. आणि ते उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं.

पण लहान गावात पाण्यानं माणूस दगावतो तो बहुतेक वेळा जंतूंमुळं. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं गेली, ते इतक्यात कसं विसरलो आपण? दूषित पाण्यातून पसरणारा हेपॅटायटिस ई गरोदर बाईच्या जिवावर उठतो.

घाण शिरते कुठून ते बघा. पाणी दिवसातून तास-दोन तास, कुठं दिवसाआड. सोडलेलं पाणी बंद झालं की जलवाहिनीतला दाब जातो. जुन्या गल्ल्यांत नळाची कनेक्शनं गटारातूनच गेलेली. पाइपला बारीक गळती असली तरी बाहेरचा मैला आत ओढला जातो. टाकीवर पाणी कितीही शुद्ध केलं असलं तरी गल्लीत येईपर्यंत ते बिघडू शकतं. म्हणून पाण्यात क्लोरीन शिल्लक राहावं लागतं, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, आणि तेही शेवटच्या नळाला. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की तो गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. तुरटी नीट फिरवली नाही, गाळणी धुतली नाही, तर नुसती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वाढवून भागत नाही.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ओटी टेस्ट म्हणजे नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोल्युडिन (ओटी) या औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरं राहिलं तर नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं हे रोजचं काम आहे. पण ही तपासणी टाकीजवळच्या नळाला करून उपयोग नाही. गावाच्या टोकाला, उताराच्या वस्तीत, जिथं पाणी सगळ्यात शेवटी आणि बारीक धारेनं येतं, तिथं करा. मशीन परवडत नाही अशी घरं जास्त करून तिथंच असतात, म्हणून मी हे इतकं तळमळीनं लिहितोय. ज्यांनी मशीन बसवलं त्यांनी विचारणं सोडलं, आणि उरलेल्यांचं कुणी ऐकत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक वॉर्डात एक फळा लावा. त्यावर तारीख, वेळ, कुठल्या नळाचं पाणी आणि ओटीचा निकाल रोज लिहा. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या, पोच घ्या. नगरपालिका असेल तर वॉर्डातल्या सह्यांचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडं द्या. अर्जाचा मसुदा मी तयार केलाय, ज्यांना हवा त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, पाठवतो.