एक जुलैवाले

इंदुरात साठीपुढची माणसं एका खोलीत बसवा आणि जन्मतारखा विचारा. गणितवाले म्हणतात, दोघांची तारीख जुळण्याची शक्यता निम्म्यावर जायला २३ माणसं लागतात. आमच्याकडे चार पुरतात. श्रेय हेडमास्तरांचं. शाळा जुलैत उघडायची, पोराचं वय त्याच सुमाराला मोजायचे, आणि बाप तारीख आठवत डोकं खाजवू लागला की हेडमास्तर टाक बुडवून म्हणायचे, "एक जुलाई लिख देता हूँ, याद रहेगी।" अशा रीतीने आमचा जवळजवळ अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्माला आला. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी सगळेच सगळ्यांना शुभेच्छा देतात आणि सगळेच सगळ्यांना धन्यवाद.

आईच्या हिशेबाने मी नरक चतुर्दशीचा. अभ्यंगस्नानासाठी बंबात तापवलेलं पाणी सुईणीने सगळं वापरलं आणि काका बिनआंघोळीचे राहिले. नरकात गेलो तर या पोरामुळे, असं ते शेवटपर्यंत ऐकवत. त्या तिथीला मला ओवाळतात, नाही असं नाही. पण घरातल्या सगळ्यांच्या रांगेत, आणि माझ्यापर्यंत येईस्तो निरांजन विझायला आलेलं असतं.

म्हणजे हक्काची म्हणावी ती एक जुलैच. पण ही तारीख म्हणजे मुंबईची लोकल. आधीच इतके चढून बसलेत की मला दांडीलासुद्धा हात पोचत नाही. जावई सी.ए.; त्यांची संस्था १९४९ ची, एक जुलैची. त्यामुळे फुलांचा गुच्छ घरात येतो तो त्यांच्यासाठी. स्टेट बँक १९५५ ची, हीच तारीख. डॉक्टरकडे जावं तर डॉक्टर्स डे. बिधानचंद्र रॉय १८८२ साली याच दिवशी जन्मले आणि १९६२ साली याच दिवशी गेले. वाढदिवस आणि पुण्यतिथी एका हारात उरकणारा असा सोयीचा माणूस विरळा. नाशिकच्या साडूंना फोन लावला तर ते वसंतराव नाईकांच्या जयंतीच्या, म्हणजे कृषी दिनाच्या गडबडीत. हरिप्रसाद चौरसियांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. १९३८ पासून त्यांनी ही तारीख सुरात ठेवली आहे. तेवढ्यात सरकारला राहवेना. २०१७ साली मध्यरात्री संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये सोहळा करून त्यांनी जीएसटी याच दिवशी आणला. २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम ४२० चं ३१८ झालं. वर्गातल्या एका मित्राला आम्ही जन्मभर चारसोबीस म्हणत आलो. आता या वयात त्याला तीनशे अठरा कोण म्हणणार?

नातवाला शाळेत दिनविशेष वाचायचा होता. त्याने यादी आणली, त्यात डायना आणि कार्ल लुईस, दोघं एकाच दिवशी, १९६१ ची. आणि डार्विन. उत्क्रांतीचा सिद्धांत लंडनच्या लिनियन सोसायटीत प्रथम वाचला गेला तो १ जुलै १८५८ ला, डार्विन आणि वॉलेस दोघंही गैरहजर असताना. पुढे वर्षाचा आढावा घेताना अध्यक्ष म्हणाले की यंदा क्रांतिकारक असा काही शोध लागला नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं. नातवाला म्हटलं, या यादीत आजोबा कुठे आहेत? म्हणाला, "टीचरने फेमस लोक सांगितले आहेत."

हे सगळं सोसलं असतं, पण हेडमास्तरांनी खिशातही हात घातला. सरकारी नियमाने एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे मी ३० जूनला. आणि केंद्र सरकारने सहाव्या वेतन आयोगानंतर वार्षिक वेतनवाढीची तारीख कुठली ठरवली? एक जुलै! वर्षभर राबायचं आणि वाढ मिळायच्या आदल्या संध्याकाळी नारळ घेऊन घरी यायचं. बायकोचा हिशेब पक्का. "अहो, दोनच तारीख लिहिली असती तर ३१ जुलैपर्यंत नोकरी. महिन्याचा पगार वर, आणि वाढही. हेडमास्तरांना एक आकडा पुढे सरकायला काय झालं होतं?" हेडमास्तर कैलासवासी, त्यामुळे हा प्रश्न मला विचारला जातो.

२०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मंडळींची बाजू घेतली. वर्ष पूर्ण केलंय तर वाढ द्या म्हणाले. लगेच अर्ज लिहिला, झेरॉक्स काढल्या, छत्री घेतली, आणि मुहूर्त म्हणून एक जुलैलाच ऑफिसात गेलो. पेन्शनच्या टेबलावर कोणी नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल तेवढा.

"बाबूजी छुट्टी पर हैं, भिया. बर्थडे है उनका," शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

"असली वाला या स्कूल वाला?"

त्याने डब्यातले पोहे तोंडात टाकले. "वो दोनों पे छुट्टी लेते हैं."