सफारी हुकली म्हणून दांडेली वाया जात नाही
कर्नाटकातल्या दांडेलीच्या जंगलावरचा एक लेख वाचला. त्यातलं ‘जीप सफारीचं बुकिंग नसेल तर दांडेलीला जाऊच नका’ हे वाक्य अजिबात पटलं नाही. डिसेंबरात आम्हाला दोन्ही दिवस सफारी मिळाली नाही. मग सकाळी साडेसहालाच तिथल्या टिंबर डेपोपाशी (लाकडाच्या वखारीपाशी) जाऊन उभे राहिलो. हातातला चहा संपायच्या आत डोक्यावरून धनेशांची (हॉर्नबिल पक्ष्यांची) जोडी गेली. आधी पंखांचा आवाज, मग पक्षी!

आणि धनेश बघायला महिना कोणता निवडावा, हे त्या लेखात नाहीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, चोचीपुरती फट ठेवून. नर घशातून एकेक उंबर काढून तिला भरवतो. हे बघायचं तर दुर्बीण न्या आणि झाडापासून लांबच थांबा. हो, तिथल्या काळी नावाच्या नदीत मगरी आहेत. पोरांना काठावर मोकळं सोडू नका.